पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा का? पाण्याआधी सोडवायचे प्रश्न

प्रश्न थोडक्यात असा: चौदाव्या वर्षी एका शिबिरात मित्र पाण्यात उतरले म्हणून मीही उतरलो आणि बाप्तिस्मा घेतला. पुढची दहा वर्षे विश्वास नावालाच होता. गेल्या वर्षभरात मन खरोखर प्रभूकडे वळले आहे. तो पहिला बाप्तिस्मा खरा धरायचा का? पुन्हा घ्यावा का? आणि या वेळचे समर्पण तरी खरे आहे, हे कशावरून ओळखायचे?

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घ्यावा लागेल. बाप्तिस्म्याच्या तयारीला बसणारे बहुतेक जण पाण्यापासून सुरुवात करतात: बुडवायचे की शिंपडायचे, कोणी द्यायचा, कोणत्या रविवारी. मनाचा प्रश्न शेवटच्या दहा मिनिटांत उरकला जातो. पुढे दहा वर्षांनी जो गोंधळ उभा राहतो, त्याचे मूळ बहुधा त्या दहा मिनिटांत असते.

पश्चात्ताप आणि पस्तावा या दोन गोष्टी वेगळ्या करा. पस्तावा म्हणजे झाल्याचे वाईट वाटणे. पश्चात्तापासाठी नव्या करारात मेटानोइया हा ग्रीक शब्द येतो. त्याचा अर्थ मन बदलणे, मनाची दिशाच फिरणे. येशूच्या आधी पश्चात्तापाचा बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाकडे आलेल्या लोकांनी ‘आम्ही काय करावे?’ असे विचारले, तेव्हा त्याने दिलेली उत्तरे लूकच्या तिसऱ्या अध्यायात आहेत. दोन अंगरखे असतील त्याने एक द्यावा. जकातदाराने ठरल्यापेक्षा जास्त वसूल करू नये. शिपायाने धाक दाखवून पैसे उकळू नयेत, पगारात समाधान मानावे. मनातून किती वाटते याची चौकशी एकाही उत्तरात नाही. ज्याच्या हातून जे पाप रोज घडण्यासारखे होते, नेमके तेच त्याला सांगितले आहे.

तुम्हीही कागद घ्या आणि लिहा: गेल्या वर्षभरात मी नेमका कशापासून वळलो? ‘मी पापी आहे’ एवढे वाक्य इथे पुरणार नाही. ते खरेच आहे, पण त्याच्या आड लपता येते. ‘भावाचे पैसे घेऊन नाकबूल झालो होतो’, ‘कामाच्या ठिकाणी खोटे हिशेब दाखवत होतो’, ‘रात्री मोबाइलवर जे पाहत होतो ते सोडले’, असे नावानिशी लिहा. त्याखाली पुढची ओळ: जे बिघडवले त्यातले काय भरून दिले? येशूला भेटलेल्या जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देण्याची आणि फसवून घेतलेल्याची चौपट परतफेड करण्याची तयारी दाखवली होती. ते प्रमाण सगळ्यांना लागू नाही. पण परत करता येण्यासारखे काही जवळ ठेवून पाण्यात उतरू नये. एक सावधगिरी मात्र बाळगा. तुमच्या कबुलीने तिसऱ्याच कोणाचे नुकसान होणार असेल, किंवा ज्याने तुमच्यावर अत्याचार केला त्याच्याच दारात जावे लागणार असेल, तर एकट्याने पाऊल उचलू नका. आधी भरवशाच्या पाळकांशी बोला.

दुसरी कसोटी म्हणजे दुसऱ्यांचे डोळे. आपल्या मनाचा निवाडा आपणच केला तर कधी फार सैल होतो, कधी फार कठोर. आरंभीच्या मंडळीला हे चांगले ठाऊक होते. ‘प्रेषितीय परंपरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या ग्रंथात दीक्षार्थ्याला तीन वर्षे शिक्षण द्यावे असे म्हटले आहे. पण कोणी तळमळीने शिकत असेल तर काळ न पाहता वागणूक पाहावी, हेही लगेच जोडले आहे. बाप्तिस्म्याची वेळ जवळ आली की चौकशी व्हायची: याने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटायला गेला का, चांगली कामे केली का? साक्ष द्यायची ती त्याला आणणाऱ्यांनी. म्हणून घरातल्या किंवा कामावरच्या एका माणसाला विचारा, शक्यतो येशूवर विश्वास नसलेल्या: ‘या वर्षात माझ्यात काही फरक दिसला का?’ उत्तर देण्याआधी तो थोडा अडखळला तर वाईट वाटून घेऊ नका. कोणत्या बाबतीत अडखळला ते लक्षात ठेवा.

भावनेबद्दल दोन्ही बाजूंनी चुका होतात. शिबिरातले अश्रू खोटे नसतात, पण अपुरी झोप, तासन्‌तास चाललेले गायन, भोवतालच्या शंभर जणांचे रडणे यांचाही त्यात वाटा असतो. तेवढ्यावरून काहीच सिद्ध होत नाही, समर्पण खरे असल्याचेही नाही आणि खोटे असल्याचेही नाही. अशा प्रसंगी दिलेला होकार तीन महिन्यांनी, साध्या दिवशी, गाण्याशिवाय पुन्हा विचारून पाहावा. उलट ज्याला काहीच उचंबळून आले नाही, पण जो वर्षभर न सांगता प्रार्थनेला बसतो, त्याने आपले समर्पण कच्चे समजू नये.

तिसरी कसोटी हेतूची. लग्न जमण्यासाठी, सभासदत्वासाठी, आईवडिलांच्या समाधानासाठी, आजार बरा व्हावा म्हणून किंवा मदत मिळावी म्हणून बाप्तिस्मा मागितला जातो. या हेतूंची लाज वाटण्याचे कारण नाही, ते मान्य मात्र करावे लागतात. स्वतःला विचारा: ही गोष्ट कधीच मिळाली नाही, तरी मी येशूच्या मागे चालेन का? बाप्तिस्मा देणाऱ्याच्या बाजूनेही कसलेही आमिष किंवा दबाव दिसला तर तिथेच थांबावे. अल्पवयीन उमेदवाराच्या बाबतीत पालकांची संमती घ्यावी, आणि अर्ज त्याचा स्वतःचा आहे की पालकांचा, हे त्याच्याशी वेगळे बोलून पाहावे.

‘पण वर्षभरात दोनदा घसरलो’ असे तुम्ही म्हणाल. घसरणे आणि वळून परत जाणे यांत फरक आहे. घसरलेला माणूस पडल्याचे कबूल करतो, उठतो, त्याच वाटेने पुढे चालतो. परत गेलेला माणूस त्याच पापाला नवे, बरे नाव शोधतो. बाप्तिस्म्यासाठी निष्पाप होण्याची वाट पाहणे हीसुद्धा चूकच. चौथ्या शतकात पुष्कळ लोक बाप्तिस्म्यानंतर पाप घडेल या भीतीने तो शेवटपर्यंत लांबवत. सम्राट कॉन्स्टंटाइनचा बाप्तिस्मा ३३७ साली मरणाच्या तोंडावर झाला. पवित्र शास्त्रात याला आधार नाही. पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टच्या सणाला, पेत्राचे भाषण ऐकलेल्या सुमारे तीन हजार जणांचा बाप्तिस्मा त्याच दिवशी झाला, फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या नायकाचा आणि त्याच्या घरच्यांचा त्याच रात्री.

आता पहिल्या बाप्तिस्म्याकडे येऊ. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकातले दोन प्रसंग शेजारी ठेवून वाचा. माझ्या मते तुमच्या प्रश्नाचा निकाल या दोहोंच्या फरकात आहे.

आठव्या अध्यायात शोमरोनातला शिमोन जादूगार विश्वास ठेवतो, बाप्तिस्मा घेतो, आणि थोड्याच दिवसांत पवित्र आत्मा देण्याचा अधिकार पैसे देऊन विकत घ्यायला निघतो. पेत्र त्याला फार कठोर शब्दांत सांगतो की तुझे अंतःकरण देवापुढे सरळ नाही. यापेक्षा पोकळ निघालेला बाप्तिस्मा कुठला असणार? तरीही पेत्र त्याला पुन्हा पाण्यात उतरायला सांगत नाही. पश्चात्ताप कर आणि प्रभूजवळ विनंती कर, एवढेच सांगतो.

एकोणिसाव्या अध्यायात पौलाला इफिसात सुमारे बारा शिष्य भेटतात. त्यांचा बाप्तिस्मा योहानाचा होता आणि पवित्र आत्म्याबद्दल त्यांनी ऐकलेही नव्हते. पौल त्यांना येशूविषयी सांगतो आणि त्यांचा प्रभू येशूच्या नावाने बाप्तिस्मा होतो. त्यांचे मन कोमट होते म्हणून हे घडले नाही. त्यांच्या पहिल्या बाप्तिस्म्यात येशूची कबुलीच नव्हती.

यावरून दिसते ते असे. होकार दुबळा होता, अर्धवट होता, पुढे मोडला, तर त्यावर पश्चात्ताप हा उपाय आहे. होकारच नव्हता, किंवा दुसऱ्याच कशाला होता, तर बाप्तिस्म्याचा प्रश्न नव्याने उभा राहतो. म्हणून चौदाव्या वर्षाच्या त्या दिवसाबद्दल ही माहिती गोळा करा. बाप्तिस्मा कोणत्या मंडळीने दिला, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने दिला का? आधी काही शिक्षण झाले होते का, की त्याच दुपारी ‘कोणाला घ्यायचा आहे’ असे विचारले गेले? पाण्यात उतरण्यापूर्वी तुम्हाला प्रश्न विचारले का, आणि तुम्ही काय उत्तर दिले? येशू कोण आणि तो कशासाठी मेला, याची तेव्हा मुलाच्या बुद्धीला शोभेल एवढी तरी जाण होती का? शेवटच्या प्रश्नाला उत्तर देताना आजच्या समजुतीचे माप त्या मुलाला लावू नका. चोवीस वर्षांच्या माणसाला चौदा वर्षांचा आपला विश्वास नेहमीच पोरकट वाटतो. मित्रांबरोबर उतरलो म्हणजे मनात दुसरे काहीच नव्हते, असेही नसते.

तुमची मंडळी कोणत्या परंपरेतली आहे, यावरही उत्तर अवलंबून आहे. कॅथोलिक, ऑर्थोडॉक्स, अँग्लिकन, लुथरन, मेथोडिस्ट आणि रिफॉर्म्ड मंडळ्या बाप्तिस्मा आयुष्यात एकदाच मानतात, मग तो बालपणी झालेला का असेना. अपवित्र पाळकाने दिलेला बाप्तिस्मा न मानणाऱ्या डोनाटस पंथीयांशी झालेल्या वादात आरंभीच्या मंडळीतला धर्मशिक्षक ऑगस्टिन याने जो मुद्दा लावून धरला तो इथे पायाशी आहे: बाप्तिस्म्याची किंमत देणाऱ्याच्या पावित्र्यावर ठरत नाही, कारण तो ख्रिस्ताचा आहे. मुळात झाला की नाही हीच शंका असेल तर कॅथोलिक प्रथेत ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर’ अशी अट घालून तो दिला जातो. शब्दांबाबत तिथे काटेकोरपणा आहे; ‘मी’ऐवजी ‘आम्ही तुला बाप्तिस्मा देतो’ असे म्हणून दिलेला बाप्तिस्मा ग्राह्य नाही, असा निर्णय व्हॅटिकनने २०२० साली दिला. बॅप्टिस्ट, मेनोनाइट आणि बहुतेक पेंटेकॉस्टल मंडळ्या स्वतःच्या कबुलीशिवायचा बाप्तिस्मा धरतच नाहीत, त्यामुळे बालपणी शिंपडलेल्याला त्या बाप्तिस्मा देतात तेव्हा त्यांच्या हिशेबाने तो पहिलाच असतो. या भूमिकेसाठी माणसांनी जीव दिला आहे: २१ जानेवारी १५२५ रोजी झुरिकमध्ये प्रौढांचा असा बाप्तिस्मा झाला, आणि त्या गटातल्या फेलिक्स मांट्सला ५ जानेवारी १५२७ रोजी लिमात नदीत बुडवून मारले. कोणत्याही बाजूची टवाळी करण्याआधी हे आठवावे.

तुमचा बाप्तिस्मा मात्र कळत्या वयात, स्वतःच्या तोंडाने झालेला. शिक्षण थोडे का होईना झाले असेल, प्रश्न विचारले गेले असतील आणि तुम्ही येशूला होकार दिला असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे: पुन्हा घेऊ नका. कारणही व्यवहारातले आहे. दुसरा बाप्तिस्मा पहिल्याबद्दलच्या शंकेवर औषध म्हणून घेतला, तर पुढच्या कोरड्या काळात शंका दुसऱ्यावरही येते आणि माणूस तिसऱ्याची वाट शोधू लागतो. मार्टिन लुथर मोहाच्या आणि निराशेच्या वेळी स्वतःला आठवण द्यायचा ती आपला बाप्तिस्मा झाला आहे याची. त्या दिवशी मन किती भरून आले होते याची नाही. पेत्राच्या पहिल्या पत्रात (३:२१) बाप्तिस्म्याबद्दल जो ग्रीक शब्द आहे, त्याचा अर्थ ‘देवाजवळ केलेली मागणी’ असाही लावतात आणि ‘देवाला दिलेले वचन’ असाही. तुमचे वचन मोडले, हे खरे. मागणी मात्र ज्याच्याकडे केली तो बदललेला नाही.

याउलट, शिकवणच झाली नव्हती, कोणी काही विचारले नाही, येशूचा विचारही मनात नव्हता, केवळ पाण्यात खेळावे तसे उतरला होता, हे चौकशीअंती ठरले आणि तुमची मंडळी स्वतःच्या कबुलीनेच बाप्तिस्मा देणारी असेल, तर पाळक व वडीलजन मिळून तो देण्याचा निर्णय घेऊ शकतात. निर्णय त्यांच्याबरोबर घ्या. आपल्या पाळकांनी नकार दिला म्हणून दुसऱ्या गावच्या अनोळखी मंडळीत जाऊन गुपचूप घेऊ नका. ज्या मंडळीपुढे कबुली द्यायची तिच्यापासूनच तो लपवला, तर साक्ष राहिली कुठे?

बाप्तिस्मा ठरलाच, तर तयारीला सहा ते आठ बैठका ठेवाव्यात, आठवड्याला एक. येशू कोण, क्रूस आणि पुनरुत्थान, पाप व कृपा, पवित्र आत्मा, प्रार्थना व शास्त्रवाचन, मंडळी आणि प्रभुभोजन, एवढे विषय पुरतात. एक बैठक पूर्णपणे रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायाला द्या: ख्रिस्ताबरोबर पुरले जाणे आणि नव्या जीवनात चालणे. मुलाखतीत ‘येशू तुझा तारणारा आहे ना?’ असे प्रश्न विचारू नयेत, त्याला सगळेच हो म्हणतात. ‘येशूच्या मरणाचा तुझ्याशी काय संबंध?’ असे विचारावे आणि गप्प बसून थांबावे. पाठ केलेली वाक्ये आली तर ‘हेच धाकट्या बहिणीला कसे सांगशील?’ असे विचारावे. मुलांच्या बाबतीत वयाचा आकडा ठरवून भागत नाही, या एका प्रश्नाने मात्र बरेच कळते.

साक्ष तीन मिनिटांची, लिहून काढलेली. पूर्वी कसा होतो, प्रभूने कसे वळवले, आता काय बदलत आहे. नेहमीची चूक अशी की अडीच मिनिटे पूर्वीच्या पापांच्या वर्णनात जातात आणि ख्रिस्ताचे नाव घाईत उरकते.

पाण्याच्या पद्धतीवर फार वाद घालू नये. बाप्तिझो या क्रियापदाचा मूळ अर्थ बुडवणे, आणि पुरले जाण्याचे चित्र बुडवण्यातच पुरते उमटते. पण ‘डिडाखे’ या पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या पुस्तिकेनेच मोकळीक दिली आहे: वाहते पाणी घ्यावे, नसेल तर दुसरे; थंड जमत नसेल तर कोमट; दोन्ही नसेल तर डोक्यावर तीनदा ओतावे. उमेदवाराने एक-दोन दिवस आधी उपास करावा असेही तिथे आहे. मधुमेह असलेल्यांनी किंवा औषधे चालू असलेल्यांनी तो डॉक्टरांना विचारूनच करावा.

बुडवून देताना पाणी उमेदवाराच्या कमरेच्या थोडे वर असावे, प्रौढांसाठी साधारण १ ते १.१ मीटर. कमी पाण्यात माणूस नीट बुडत नाही आणि पाठ आपटते. छातीवर गेले तर पाय सुटतात. कुंडात पाणी ३० अंश सेल्सिअसच्या आसपास बरे. फार थंड पाण्यात श्वास एकदम आत ओढला जातो आणि नाकातोंडात पाणी जाते. कपडे गडद रंगाचे, जाड, अंगाबरोबर असावेत. पांढरे हवेत तर आत दुसरा थर हवा. सैल झगा पाण्यावर फुगून तरंगतो, म्हणून त्याच्या काठाला वजन शिवतात. चष्मा आणि श्रवणयंत्र आधीच काढून कोणाकडे तरी द्यावे.

बाप्तिस्मा देणारा उमेदवाराच्या बाजूला उभा राहतो, समोर नाही. उमेदवार एका हाताने नाक धरतो, दुसऱ्या हाताने त्याच हाताचे मनगट. देणाऱ्याचा एक हात त्या हातांवर, दुसरा पाठीवर दोन्ही खांद्यांच्या मधे. शब्द आधी पूर्ण म्हणायचे, मग बुडवायचे. पाण्याखाली माणूस असताना म्हटलेले त्याला ऐकू येत नाही. उमेदवाराने गुडघे वाकवायचे, कंबर ताठ ठेवली की पाय वर येतात. एक-दोन सेकंद पुरे. नदीत असाल तर मागे झुकताना डोके प्रवाहाच्या वरच्या दिशेला येईल असे उभे राहा, म्हणजे नाकात पाणी घुसत नाही आणि उठवताना प्रवाह मदत करतो. आदल्या दिवशी कोरड्या जमिनीवर दोनदा सराव केला की निम्म्या अडचणी सुटतात. फिट येणाऱ्यांसाठी, नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांसाठी आणि फार वृद्धांसाठी ओतणे हाच मार्ग धरावा.

एका गोष्टीवर अजिबात तडजोड नको: पाण्यात उभे असताना वायर असलेला माइक हातात घ्यायचा नाही, आणि कुंडातला हीटर कोणी उतरण्याआधी बंद करून प्लग काढलेला असला पाहिजे. अशा चुकीने जीव गेले आहेत.

पुन्हा बाप्तिस्मा न घेण्याचे ठरले, तरी हे वर्ष मंडळीपुढे न बोलता जाऊ देऊ नका. पाळकांना सांगून उपासनेत साक्ष द्या, त्याच दिवशी बाप्तिस्म्याच्या वेळचे प्रश्न स्वतःला पुन्हा विचारून घ्या आणि लगेच प्रभुभोजनात सहभागी व्हा. काही मंडळ्या अशा वेळी पाण्याचा स्पर्श करून आठवण देतात. तसे असेल तर ‘हा बाप्तिस्मा नाही’ हे तिथेच मोठ्याने सांगितले जावे, नाहीतर पाहणाऱ्यांच्या मनात तुमचाच गोंधळ उतरेल. आणि त्यापुढचे सहा महिने आठवड्यातून एकदा भेटेल, त्या कागदावर लिहिलेल्या गोष्टींबद्दल विचारेल, असा एक वडीलधारा विश्वासू पाळकांकडे मागून घ्या. चौदाव्या वर्षी तुम्ही पाण्यातून वर आलात तेव्हा तुमच्या वाट्याला असा कोणीच आला नव्हता, असे तुमच्या प्रश्नावरून दिसते.